डमी आधी, फाइल नंतर: डिझाइनच्या पोरांना कागद आणि घडी शिकवताना

ग्राफिक डिझाइनच्या पोरांना ब्रोशर करायला सांगा, दोन दिवसांत सावली-बिवली पडलेला, हवेत तरंगणारा थ्री-फोल्डचा मॉकअप घेऊन येतील, आणि मग विचारा की यातलं कुठलं पान आत जातं, सगळा वर्ग गप्प. त्यांचाही फार दोष नाही म्हणा, टेम्प्लेटमध्ये तिन्ही पानं सारखीच असतात आणि स्क्रीनवरचा कागद कधी तडकत नाही, पावसाळ्यात वाकत नाही, वजनावर विकत आणावा लागत नाही. म्हणून हा विषय शिकवताना माझा एकच हट्ट असतो, पहिले काही तास लॅपटॉप बंद. आधी कागद हातात, मग घडी, मग पेन्सिलने डमी, म्हणजे हाताने केलेला कच्चा नमुना, आणि सगळ्यात शेवटी फाइल. व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून शिकवायला जाणाऱ्यांसाठी आणि घरी स्वतः शिकणाऱ्यांसाठी हा क्रम इथे सविस्तर लिहितोय.

आधी कागद गोळा करा

पहिल्या तासाला प्रत्येकाने घरातून छापलेले कागद आणायचे. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली बारीक घडीची चिठ्ठी, वर्तमानपत्र, मिठाईचा बॉक्स, कालनिर्णयचं जुनं पान, व्हिजिटिंग कार्ड, एखादा दिवाळी अंक. एवढ्यात अर्धा अभ्यासक्रम टेबलावर येतो. औषधाची चिठ्ठी एवढ्या पातळ कागदावर का छापतात, तर तेवढ्या घड्या जाड कागदाला बसणारच नाहीत. मिठाईच्या बॉक्सला आतून राखाडी रंग का, तर तो डुप्लेक्स बोर्ड, वरचा एकच थर पांढरा आणि खाली रद्दीचा लगदा. कालनिर्णय उजेडात धरा, मागचा मजकूर पुढून किती दिसतो ते बघा, पोरांना ओपॅसिटी म्हणजे काय ते व्याख्या न सांगता कळतं.

मग कोरे नमुने. यासाठी विकत काही आणायची फारशी गरज नाही, कुठल्याही प्रेसमध्ये किंवा बाइंडरकडे कटिंग मशीनच्या शेजारी पट्ट्यांचा ढीग असतो, नीट मागितलं तर पिशवीभर देतात. निदान एवढे प्रकार हवेत (आकडे जीएसएमचे, म्हणजे कागदाच्या वजनाचे, ते पुढे येतंच): मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, 70 आणि 80, ग्लॉस आर्ट पेपर 130 आणि 170, मॅट आर्ट पेपर, 300 चं आर्ट कार्ड, क्राफ्ट (पॅकिंगचा तपकिरी कागद), डुप्लेक्स आणि थोडा हातकागद. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत वर्गाला घेऊनच जा. आणलेल्या प्रत्येक तुकड्यावर लगेच पेन्सिलने नाव आणि जीएसएम लिहून घ्यायचं, ते "नंतर लिहितो सर" वाले तुकडे नंतर कुणालाच ओळखता येत नाहीत.

शाईचंही इथेच उरका. मॅपलिथोवर कोटिंग नसतं, शाई आत शोषली जाते, फोटो जरा मंद आणि काळपट येतात, पण वाचायला आणि पेनने लिहायला मस्त. आर्ट पेपरवर शाई वर राहते म्हणून रंग चमकतात, पण त्यावर फॉर्म भरायला दिला की शाई पुसली जाते आणि लोक शिव्या देतात. जिथे सही हवी तिथे ग्लॉस नको, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

जीएसएम म्हणजे जाडी नव्हे, हे तोलून दाखवा

पोरं 130 जीएसएम ऐकलं की 80 पेक्षा जाड समजतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. ए-0 हा कागद बरोबर एक चौरस मीटरचा, 841 बाय 1189 मिलिमीटर, आणि त्यातून 16 ए-4 निघतात. म्हणजे 80 जीएसएमचा एक ए-4 पाच ग्रॅमचा. किचनमधला डिजिटल काटा आणा, कुठल्याही कागदाचे दहा ए-4 कापून ठेवा, जे ग्रॅम येतील त्याला 1.6 ने गुणा की जीएसएम मिळाला. 50 ग्रॅम आले तर 80. पोरांना यात फार मजा येते, वह्यांची पानं फाडून तोलत बसतात.

आता जाडी. हार्डवेअरच्या दुकानातला साधा मायक्रोमीटर पुरतो. 80 चा मॅपलिथो मोजा, साधारण 0.1 मिलिमीटर. मग 130 चा ग्लॉस आर्ट पेपर मोजा, तोही जवळपास तेवढाच भरतो! कारण आर्ट पेपरवर मातीचं कोटिंग असतं आणि वर रोलरखाली दाबून गुळगुळीत केलेला असतो, वजन जास्त पण फुगवटा कमी. याचा परिणाम घडीवर होतो, पुस्तकाच्या कण्याच्या रुंदीवर होतो, म्हणून कणा कधी जीएसएमवरून अंदाजाने काढायचा नाही, त्याच कागदाची कोरी डमी बांधून मोजायचा.

आणि पैशाचं गणित. आपल्याकडे कागद किलोवर विकला जातो, त्यामुळे हा फॉर्म्युला फळ्यावर मोठ्या अक्षरात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही इंचात, गुणिले जीएसएम, भागिले 3100, आलं 500 शीटच्या रिमचं वजन किलोत. 23 बाय 36 चा 130 जीएसएम कागद घेतला तर 828 गुणिले 130 भागिले 3100, म्हणजे साधारण 34.7 किलो. त्या दिवशीचा किलोचा भाव दुकानात फोन करून विचारायचा, तोही विद्यार्थ्यानेच. एकदा कागदाचं बिल स्वतः काढलं की 170 च्या जागी 130 चालेल का हा प्रश्न आपोआप पडायला लागतो.

ग्रेन, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण घडी बिघडते ती बहुतेक वेळा याच कारणाने, आणि डिझाइनच्या वर्गात नेमकं हेच कुणी सांगत नाही. कागद मशीनवर बनताना लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि तंतू बरेचसे धावण्याच्या दिशेने लागतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. ग्रेनच्या समांतर घडी घातली तर कागद शांतपणे वाकतो, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि कडेला फाटल्यासारखं दिसतं. (हातकागद साच्यात उचलून काढतात, त्याला स्पष्ट ग्रेन नसतो, तो शेजारी ठेवून दाखवा.)

ओळखायच्या तीन पद्धती. तुकडा चौकोनीच कापा, दोन्ही बाजू सारख्या, नाहीतर लांबट तुकड्याने फसगत होते.

एक, दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, घडी न मोडता, फक्त तळहाताने दाबून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन. दोन, फाडा. ग्रेनच्या दिशेने बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा वाकडातिकडा. तीन, एका बाजूने ओलं बोट फिरवा. तंतू ओले झाले की लांबीत नाही, रुंदीत फुगतात, त्यामुळे तुकडा नळीसारखा गुंडाळतो आणि नळीची लांबी ज्या दिशेने तो ग्रेन. पातळ कागदावर ही तिसरी पद्धत जादूसारखी चालते, जाड कार्डावर पहिली.

ओळखलं की प्रत्येक तुकड्यावर बाण. इथून पुढे बाण नसलेला कागद टेबलावर यायलाच नको.

आता खरा प्रयोग. 300 च्या आर्ट कार्डावर गडद निळा किंवा काळा सॉलिड, म्हणजे सलग एकच रंग, छापलेला तुकडा मिळवा, वाया गेलेली कव्हरं प्रेसमध्ये पडलेलीच असतात. एक घडी ग्रेनबरोबर, एक आडवी. आडव्या घडीवर रंग तडकून पांढरी रेघ उमटते. तो तुकडा प्रत्येकाच्या वहीत चिकटलेला पाहिजे, कारण गडद बॅकग्राउंड घडीवरून नेऊ का हा मोह पुढे दर असाइनमेंटला होणार आहे.

पावसाळा असेल तर अजून एक. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेलं कव्हर दोन दिवस उघडं ठेवा. मागची उघडी बाजू दमट हवा पिते, फुगते, लॅमिनेशनची बाजू तशीच राहते, आणि कव्हर लॅमिनेशनच्या बाजूला वळतं. दुकानातली पुस्तकं जुलैत अशी तोंड उघडून का बसतात त्याचं उत्तर मिळालं. आणि अशा कव्हरचा ग्रेन कण्याला समांतर असेल तर निदान वळण कण्याला समांतर येतं, आडवा असेल तर पुस्तक वरून-खालून वळतं आणि ते काही केल्या सरळ होत नाही.

पूर्ण शीट जमिनीवर पसरा

डिझाइनच्या पोरांना ए-4 म्हणजे कागदाचा जन्मजात आकार वाटतो. प्रेसला कागद येतो तो 20 बाय 30, 23 बाय 36, 25 बाय 36 इंच अशा शीटमध्ये. एक अख्खं 23 बाय 36 जमिनीवर अंथरा आणि म्हणा, यात आठ ए-4 बसवून दाखवा. चार बाय दोन असे मांडायला लागतात आणि अडकतात. 36 इंचाच्या बाजूला चार गुणिले 210 म्हणजे 840 मिलिमीटर, जागा 914, छान. दुसरीकडे दोन गुणिले 297 म्हणजे 594, आणि 23 इंच म्हणजे 584. दहा मिलिमीटर कमी! अजून ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) आणि मशीनच्या ग्रिपरची (कागद पकडणाऱ्या चिमट्यांची) जागा तर धरलीच नाहीये. म्हणून कितीतरी मासिकं ए-4 पेक्षा जराशी लहान असतात, आणि म्हणून ए-4 ब्रोशर असेल तर प्रिंटर 25 बाय 36 मागतो, तिथे 635 मिलिमीटर मिळतात आणि आठ आरामात बसतात. हेच ए-4 कुणी 20 बाय 30 वर छापलं तर चारच निघतात आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कागद रद्दीत, तोही आपण किलोने पैसे मोजलेला.

इथेच ग्रेन परत आणा. 25 बाय 36 मध्ये ग्रेन 36 च्या दिशेने असेल तर वरच्या मांडणीत तो ए-4 च्या 210 वाल्या बाजूला समांतर येतो, आणि आडव्या ए-4 चा थ्री-फोल्ड करताना घड्याही 210 लाच समांतर असतात. म्हणजे जमलं. झेरॉक्सचा ए-4 मात्र बहुतेक वेळा लांब बाजूने ग्रेनचा असतो, त्यावर केलेली थ्री-फोल्डची डमी आडव्या ग्रेनवर होते, 80 जीएसएमला ते कळत नाही, पण 170 ला कळतं. त्यामुळे डमी शक्यतो खऱ्याच कागदावर.

घड्या आणि त्यांचे मिलिमीटर

घडी हातानेच घालायची, कडेला कडा जुळवून, मग हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबून. नखाने दाबलं की आर्ट पेपरवर चकाकीचा ओरखडा उठतो.

थ्री-फोल्ड, म्हणजे एक पान आत जाणारा. आत जाणारं पान 2 ते 3 मिलिमीटरने लहान पाहिजे, नाहीतर ते घडीच्या कोपऱ्यात अडून फुगतं. 297 चे 100, 100 आणि 97 करा. आणि इथे हमखास गोंधळ होतो: आतल्या बाजूने डावीकडून 100, 100, 97 असेल तर बाहेरच्या बाजूने डावीकडून 97, 100, 100 येणार, कारण कागद उलटला की डावं-उजवं बदलतं. बाहेरच्या बाजूचं उजवं टोक कव्हर, मधलं मागचं पान, डावं ते आत जाणारं. हे बोलून कुणाला कळत नाही, डमीवर लिहून उलटसुलट करा, लगेच कळतं. पुढे-मागे दोन्हीकडे एकच गाइड कॉपी करणारा विद्यार्थी दर बॅचला असतोच.

झेड फोल्ड, ॲकॉर्डियन, यात कुठलंच पान कुणाच्या आत कोंडत नाही, म्हणून सगळी सारखी, 99-99-99. नवशिक्यांना सगळ्यात सोपा आणि छापखान्यालाही.

गेट फोल्ड, दोन दरवाजे मध्ये येऊन भिडणारा. 297 ला 74, 149, 74. मध्ये एक मिलिमीटरची फट सोडलीच पाहिजे, दरवाजे एकमेकांवर चढले की घाणेरडं दिसतं. दिसायला श्रीमंत प्रकार आहे, पण पुष्कळ ठिकाणी हाताने घालावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात, हे पोरांना आधी सांगून ठेवा.

गुंडाळी, म्हणजे रोल फोल्ड, चार पानांची. ए-3 च्या 420 ला 106, 106, 105, 103. जे पान जितकं आत तितकं लहान.

फ्रेंच फोल्ड, आधी अर्धा आणि मग काटकोनात परत अर्धा. पातळ कागदाच्या आमंत्रणांना वापरतात, एकाच बाजूला छापून चार पानं मिळतात. काटकोनातल्या घड्यांना एक अडचण असते, आतल्या कोपऱ्यात हवा आणि कागद दोन्ही कोंडतात आणि सुरकुती पडते. 130 च्या पुढचा कागद असेल तर तीन काटकोनी घड्यांचा हट्ट सोडायचा.

क्रीझ

साधारण 170 च्या पुढे गेलात की घडीच्या आधी क्रीझिंग. क्रीझ म्हणजे कागद कापणं नाही, बोथट पट्टीने दाबून खालच्या खाचेत ढकलणं, त्याने एका बाजूला खोलगट रेघ आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. आता वर्गाला विचारा, घडी कुठल्या बाजूला? जवळजवळ सगळे म्हणतात खोलगट रेघेकडे, वही बंद केल्यासारखी. उलट आहे. उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या बाजूचा ताण कमी होतो आणि शाई तडकत नाही. दोन्ही प्रकारे करून बघायला लावा, फरक डोळ्यांना दिसतो.

क्रीझिंगचं काम कुठे होतं तेही दाखवा. खूप ठिकाणी जुन्या ट्रेडल मशीन आता छपाईऐवजी क्रीझिंग, पर्फोरेशन, नंबरिंग आणि डाय पंचिंगसाठीच चालतात, आणि एखादा जुना कारागीर पॅकिंगचा कागद एकावर एक चिकटवत नेमका दाब कसा बसवतो हे बघण्यासारखं असतं. लॅमिनेशन असेल तर ते आधी, क्रीझ नंतर.

सोळा पानांचा फॉर्म

फॉर्म म्हणजे एकाच शीटवर छापून घडी घातलेली पानं. 18 बाय 23 इंचाचं एक शीट प्रत्येकी. हे 23 बाय 36 चं अर्धं. पहिली घडी 23 ची बाजू अर्धी करून, मग 18 ची अर्धी, मग परत पहिल्याच दिशेने. हातात आलं पावणेसहा बाय नऊ इंच, कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ, आपली नेहमीची मराठी कादंबरी ज्यात निघते तो डेमी एक अष्टमांश. न कापता, कोपरे उचलून पेन्सिलने 1 ते 16 आकडे टाका. मग शीट उघडा. अर्धे आकडे उलटे, 1 च्या शेजारी 16, 2 च्या शेजारी 15, प्रत्येक जोडीची बेरीज 17. इम्पोझिशनचं, म्हणजे शीटवर पानं मांडायचं, सॉफ्टवेअर काय करतं ते इतक्यात समजतं.

ग्रेन इथेही तपासा. कणा 18 च्या बाजूला समांतर येतो, म्हणजे ग्रेनही तिकडेच हवा, आणि 36 च्या दिशेचा ग्रेन असलेलं 23 बाय 36 मध्यात कापलं की तो बरोबर 18 च्या दिशेनेच मिळतो.

मग सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली, पुस्तिका. पानं चारच्या पटीत, 18 पानांची पुस्तिका होत नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आणि एकात एक घातलेले 16 कागद, म्हणजे 64 पानं, असतील तर सगळ्यात आतला कागद बाहेर सरकतो, 0.1 मिलिमीटर जाडीला सुमारे 1.6 मिलिमीटर. कटिंगमध्ये तेवढी आतल्या पानांची कड जाते, कडेला ठेवलेला पानक्रमांक धोक्यात.

आता लॅपटॉप उघडा

डमीवरचे मिलिमीटर मोजून मगच पेजचा साइज टाकायचा. ब्लीड 3 मिलिमीटर. घडीच्या खुणा ट्रिमच्या, म्हणजे कापायच्या रेषेच्या, बाहेर, तुटक रेषेने, आर्टवर्कमध्ये अजिबात नाही. घडीपासून निदान 5 मिलिमीटर मजकूर दूर. आणि दोन रंग बरोबर घडीच्या रेषेवर भेटवू नका, मशीनची घडी अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच आणि मग लाल पट्टी शेजारच्या पानावर डोकावते. एक तर रंग घडीवरून पुढे न्या, नाहीतर चांगला लांब थांबवा.

मराठीत काम करताना एक जास्तीची गोष्ट, इंग्रजी उदाहरणांत ही कुठे सापडणार नाही. मथळा दोन पानांवर पसरवला आणि ती पानं वेगवेगळ्या फॉर्ममध्ये छापली गेली, तर शिरोरेषा जोडाजवळ पायरीसारखी खाली-वर होते. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांच्यात एवढं खपून जातं, आपल्या सलग रेषेत अर्धा मिलिमीटरही ओरडून दिसतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागेतच घडी येऊ द्या, जोडाक्षराच्या मध्ये तर कधीच नको. आणि वरच्या कडेचं अंतर शिरोरेषेपासून नाही, वेलांटी-मात्रांच्या टोकापासून मोजा, रफार-अनुस्वार कटिंगमध्ये उडाले की अर्थच बदलतो.

प्रिंटरला फाइलबरोबर दोन ओळी लिहून द्यायची सवय लावा, उदाहरणार्थ: "उघडा साइज 297 बाय 210, घडीनंतर 100 बाय 210, 170 मॅट आर्ट, दोन्ही बाजू चार रंग, दोन समांतर घड्या, 97 चं पान आत, ग्रेन घडीला समांतर, क्रीझ करून." आणि सोबत हाताने केलेली डमी, पुढे-मागे लिहिलेली. फोनवरच्या दहा मिनिटांच्या समजावणीपेक्षा ती डमी जास्त काम करते.

प्रेस बघायला नेणार असाल तर दिवाळीच्या आधीचे दोन महिने आणि निवडणुकीचे दिवस टाळा, कुणाला बोलायला फुरसत नसते. मुंबईतल्यांना जे. जे.च्या आवारातली शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहेच. तिथे गेल्यावर ऑफसेट मशीनपाशी सगळे गर्दी करतात, तुम्ही पोरांना बाइंडिंगच्या टेबलाकडे ओढा आणि घडी घालणाऱ्यांना विचारायला लावा की कुठल्या कामाने सगळ्यात जास्त त्रास दिला.

मार्क देताना मी छापलेला नमुना लगेच तपासत नाही. तो आठवडाभर सॅकमध्ये, लोकलमध्ये, डब्याशेजारी फिरवून आणायचा. मग बघायचं, घडीवर पांढरं किती आलं, आतलं पान अजून सपाट बसतं का, कव्हर आपोआप उघडं राहतं का, आणि वर्गाबाहेरच्या कुणाच्या हातात दिलं तर तो पानं आपण ठरवलेल्या क्रमाने उघडतो की तिसरं पान आधी. लेआउटचे मार्क त्यानंतर.